सुरक्षा परिषदेची बैठक कशी भरते: नवख्यांसाठी वाटाड्या

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे कार्यपद्धतीचे नियम वाचून काढायला फार वेळ लागत नाही. एकूण ६१ नियम आणि एक पातळशी पुस्तिका. १७ जानेवारी १९४६ रोजी लंडनमधल्या चर्च हाउसमध्ये परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा हे नियम तात्पुरते म्हणून स्वीकारले गेले. नंतर अधूनमधून डागडुजी झाली. शेवटची १९८२ साली, अरबी भाषेला इतर पाच भाषांच्या बरोबरीने बसवण्यासाठी. नियम मात्र आजही अधिकृतपणे तात्पुरतेच आहेत. ते कायमचे करण्याची घाई स्थायी सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) कोणालाच नाही, आणि का नाही हे समजायला फार डोके लावावे लागत नाही.

पुस्तिकेत निम्मेच कामकाज सापडते. उरलेले निम्मे तीन ठिकाणी आहे: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत, वर्षानुवर्षांच्या प्रथांमध्ये आणि अध्यक्षांच्या नावाने निघणाऱ्या एका टिपणात. हे टिपण २००६, २०१०, २०१७ आणि २०२४ अशा आवृत्त्यांमधून वाढत आले आहे. दर वेळी दस्तऐवजाचा क्रमांक मुद्दाम ५०७ हाच ठेवतात, म्हणून त्याला सगळे 'टिपण ५०७' म्हणतात. पत्रकारितेत नव्याने आला असाल, आंतरराष्ट्रीय संबंध शिकत असाल किंवा मॉडेल यूएनमध्ये (विद्यार्थ्यांच्या नकली संयुक्त राष्ट्र परिषदेत) उतरणार असाल, तर नियमांची पुस्तिका आणि हे टिपण दोन्ही शेजारी ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीवर ती लागेल. ठराव कोण अडवू शकतो, हे सगळ्यांना माहीत असते. बैठक कोण अडवू शकतो, हे फारच थोड्यांना माहीत असते. उत्तर असे की एकटा कोणीच नाही. सनदेच्या कलम २७ नुसार कार्यपद्धतीच्या प्रश्नावर पंधरापैकी कोणतीही नऊ मते पुरतात. तिथे नकाराधिकार, म्हणजे एकट्या स्थायी सदस्याच्या विरोधाने ठराव पाडण्याचा अधिकार, चालत नाही.

पहिली पायरी: ही खरोखर 'बैठक' आहे का?

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. परिषदेचे सदस्य एका खोलीत जमले म्हणजे परिषदेची बैठक झाली, असे होत नाही.

औपचारिक बैठक दोन प्रकारची. नियम ४८ प्रमाणे ती खुली असते, मात्र परिषदेने ठरवल्यास बंद दाराआड होते. सरचिटणीसपदासाठी नाव सुचवण्याची चर्चा तर नियमानेच बंद दाराआड व्हावी लागते. खुल्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत निघतो. बंद बैठकीच्या वृत्तांताची एकच प्रत काढता येते आणि ती सरचिटणीसांच्या ताब्यात राहते. बाहेर येते ते फक्त छोटे निवेदन.

यानंतर येते अनौपचारिक सल्लामसलत. ती परिषदेच्या सभागृहाला लागून असलेल्या वेगळ्या खोलीत चालते. आत पंधरा सदस्य आणि सचिवालयाचे लोक, बाकी कोणी नाही. वृत्तांत नाही, मतदान नाही. खरी घासाघीस इथेच होते. १६ ऑगस्ट २०१९ रोजी चीनच्या आग्रहावरून जम्मू-काश्मीरवर परिषदेत जी चर्चा झाली, ती याच प्रकारची होती. भारत आणि पाकिस्तान दोघेही तेव्हा सदस्य नव्हते, त्यामुळे ज्यांचा विषय तेच खोलीबाहेर. चर्चा संपली, औपचारिक निष्पत्ती काही निघाली नाही, आणि दोन्ही देशांच्या राजदूतांनी बाहेरच पत्रकारांना आपापली बाजू सांगितली. 'परिषदेची बैठक झाली' असे मथळे त्या दिवशी बरेच आले. नियमांच्या भाषेत ती बैठक नव्हती.

तिसरा प्रकार 'आरिया पद्धती'चा. व्हेनेझुएलाचे राजदूत दिएगो आरिया यांनी १९९२ मध्ये ही वाट काढली. एखादा सदस्य आपल्या पुढाकाराने इतरांना बोलावतो आणि परिषदेपुढे सहजासहजी येऊ न शकणाऱ्या माणसाचे म्हणणे सगळे ऐकतात. नियमांच्या पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, तरी दर वर्षी अशी सत्रे होतात.

कोविडच्या काळात हा भेद फारच ठळक झाला. मार्च २०२० पासून सदस्य पडद्यावर भेटू लागले. पण दूरचित्रसंवादाला 'बैठक' म्हणायचे की नाही यावर एकमत होईना, म्हणून त्या भेटींना बैठकीचा क्रमांक मिळाला नाही. ठरावांवर लेखी मतदान सुरू झाले: अध्यक्षांनी पत्र पाठवायचे, सदस्यांनी २४ तासांत मत कळवायचे. ३० मार्च २०२० रोजी पहिले चार ठराव असे मंजूर झाले. ठराव मात्र पूर्ण वैध.

दुसरी पायरी: बैठक कोणी बोलावली?

नियम १ ते ३ इथे उघडा. बैठक बोलावण्याचा अधिकार अध्यक्षांचा आहे. पण कोणत्याही सदस्याने मागणी केली तर त्यांना ती बोलवावीच लागते, इथे त्यांच्या मर्जीचा प्रश्न नाही. सदस्य नसलेला देशही सनदेच्या कलम ३५ खाली एखादा वाद परिषदेकडे आणू शकतो. आमसभा एखादा प्रश्न पाठवू शकते. आणि कलम ९९ खाली सरचिटणीस स्वतःहून धोक्याची घंटा वाजवू शकतात. हे अस्त्र फार क्वचित बाहेर निघते. ६ डिसेंबर २०२३ रोजी अंतोनियो गुतेरेस यांनी गाझाच्या प्रश्नावर याच कलमाचा आधार घेऊन परिषदेला पत्र लिहिले.

दोन बैठकांमध्ये १४ दिवसांहून जास्त अंतर नको, असे नियम १ म्हणतो. शीतयुद्धात तो वाऱ्यावर सोडला गेला होता. १९५९ या अख्ख्या वर्षात परिषदेच्या औपचारिक बैठका झाल्या पाच. आता परिस्थिती उलटी आहे, आठवड्यातून अनेकदा बैठक असते आणि हा नियम कोणाला आठवतही नाही. नियम ४ ची गंमत वेगळी. वर्षातून दोनदा मंत्रिपातळीची नियतकालिक बैठक व्हावी, असे तो सांगतो. तशी पहिली बैठक झाली ऑक्टोबर १९७० मध्ये, म्हणजे नियम झाल्यावर जवळपास पाव शतकाने.

जागेचे म्हणाल तर सहसा न्यूयॉर्क. नियम ५ प्रमाणे दुसरीकडेही भरता येते. १९७२ मध्ये आदिस अबाबा, १९७३ मध्ये पनामा सिटी, १९९० मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांचे म्हणणे ऐकण्यासाठी जिनिव्हा, आणि २००४ मध्ये सुदानच्या प्रश्नावर नैरोबी.

तिसरी पायरी: कार्यसूची

इथे जरा थांबा. परिषदेच्या बैठकांचे सगळे राजकारण समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कागदावरची रीत सोपी आहे. हंगामी कार्यसूची सरचिटणीस तयार करतात, अध्यक्ष तिला मान्यता देतात (नियम ७). ती बैठकीच्या किमान तीन दिवस आधी सदस्यांना मिळायला हवी. तातडीच्या वेळी बैठकीच्या सूचनेबरोबरच दिली तरी चालते (नियम ८). बैठक सुरू झाली की पहिला विषय नेहमी एकच असतो, 'कार्यसूचीस मान्यता' (नियम ९). बहुतेक वेळा अध्यक्ष इकडेतिकडे नजर टाकतात, हरकत नाही असे पाहतात आणि कार्यसूची मंजूर झाल्याचे जाहीर करतात. सगळे काही सेकंदांत आटोपते, म्हणून चित्रफीत पाहणारे हा भाग पुढे ढकलतात. तसे करू नका. कोणी हरकत घेतली तर इथेच मतदान होते, आणि तेही नकाराधिकाराविना.

उत्तर कोरियातल्या मानवी हक्कांचा विषय घ्या. २२ डिसेंबर २०१४ रोजी तो कार्यसूचीवर घ्यायला चीन आणि रशियाचा विरोध होता. मतदान झाले: बाजूने ११, विरोधात २, तटस्थ २. दोन स्थायी सदस्यांचे 'नाही' असूनही बैठक झाली. डिसेंबर २०१५ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला, तेव्हा बाजूने बरोबर नऊ मते पडली. त्यातले एक गळाले असते तर सगळे मुसळ केरात. आणि २०१८ मध्ये नेमके तसेच घडले: अमेरिकेला नऊ मतांची जुळणी करता आली नाही, म्हणून तिने बैठकीची मागणीच सोडून दिली. तीन वेळची ही कथा नीट पाहिली तर कळते की स्थायी सदस्यांपेक्षा इथे दोन वर्षांसाठी निवडून आलेल्या दहा सदस्यांची किंमत जास्त असते. दर जानेवारीत त्यांतले पाच बदलतात आणि नऊचे गणित पुन्हा मांडावे लागते.

सीरियाचा दाखला तर आणखी बोलका आहे. १९ मार्च २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी परिषदेला सीरियाबद्दल माहिती द्यायची होती. रशियाने कार्यसूचीलाच हरकत घेतली. बाजूने आठ मते पडली, एकच कमी. बैठक बारगळली. मग काय झाले? उच्चायुक्तांनी तेच निवेदन लगेच आरिया पद्धतीच्या सत्रात केले. पहिल्या पायरीवर सांगितलेले प्रकार वेगळे ओळखता येणे का गरजेचे आहे, ते इथे दिसते. माहिती तीच, ऐकणारेही बहुतेक तेच, पण परिषदेच्या नोंदीत ती उमटली नाही.

३१ जानेवारी २०२२ रोजी युक्रेनच्या सीमेवरील परिस्थितीवर बैठक घ्यावी की नाही, यावरही असेच मतदान झाले. बाजूने १०, विरोधात रशिया आणि चीन, तटस्थ तीन. त्या तिघांत भारत होता.

एकदा कार्यसूचीवर आलेला विषय सहज जात नाही. अपुरा राहिलेला विषय पुढच्या बैठकीत आपोआप येतो (नियम १०), आणि परिषदेपुढे प्रलंबित असलेल्या विषयांची यादी सरचिटणीस काढत राहतात (नियम ११). तीन वर्षे चर्चा न झालेला विषय यादीतून वगळला जातो, मात्र एखाद्या सदस्य राष्ट्राने 'राहू द्या' असे कळवले तर तो राहतो. १९४८ सालचा 'भारत-पाकिस्तान प्रश्न' त्या यादीत अजून टिकून आहे तो असा. यादीत नाव असणे म्हणजे चर्चा चालू असणे नव्हे, हे बातमी लिहिताना विसरू नका.

चौथी पायरी: अध्यक्ष कोण आणि त्यांच्या हातात काय?

अध्यक्षपद दर महिन्याला फिरते, देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने (नियम १८). २०२५ मध्ये जानेवारीत अल्जेरिया, फेब्रुवारीत चीन, मार्चमध्ये डेन्मार्क, असे. त्यासाठी निवडणूक नाही, लायकीचा प्रश्न नाही. महिन्याच्या सुरुवातीला अध्यक्ष सगळ्यांशी बोलून कामाचा आराखडा मांडतात आणि मग पत्रकार परिषद घेतात. नवख्या वार्ताहराने महिन्यात एकच पत्रकार परिषद गाठायची ठरवली, तर ती हीच असावी.

स्वतःचाच देश वादात असेल तर अध्यक्षांनी खुर्ची सोडावी का? नियम २० त्यांना तशी मुभा देतो, पण सोडायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अध्यक्षपद रशियाकडे होते. २३ तारखेच्या रात्री बैठक चालू असतानाच मॉस्कोहून लष्करी कारवाईची घोषणा झाली. युक्रेनच्या राजदूतांनी रशियाच्या राजदूतांना तिथल्या तिथे अध्यक्षपद सोडायला सांगितले. त्यांनी सोडले नाही, आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे ते बंधनकारकही नव्हते.

पाचवी पायरी: टेबलाशी कोण बसले आहे?

सदस्य पंधरा. १९६५ पूर्वी अकरा होते. प्रत्येकाचे अधिकारपत्र बैठकीत बसण्याच्या किमान २४ तास आधी सरचिटणीसांकडे पोचावे लागते. कोणाच्या अधिकारपत्राला हरकत घेतली गेली, तरी निर्णय होईपर्यंत तो प्रतिनिधी पूर्ण हक्कांनी बसतो (नियम १७). सोव्हिएत संघाने जानेवारी १९५० मध्ये परिषदेवर बहिष्कार टाकला तो याच प्रश्नावर: चीनची जागा कोणाची, तैवानमध्ये गेलेल्या राष्ट्रवादी सरकारची की बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारची?

सदस्य नसलेले पण विषयाशी संबंधित देश नियम ३७ खाली बोलावले जातात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी, तज्ज्ञ, स्वयंसेवी संस्थांचे लोक येतात ते नियम ३९ खाली. अध्यक्ष सुरुवातीलाच 'अमुक नियमानुसार अमुक यांना आमंत्रण' असे वाचतात. रटाळ वाटते, पण वहीत उतरवून घ्या. आमंत्रण हाही कार्यपद्धतीचाच प्रश्न आहे. डिसेंबर १९७५ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला बोलावण्याला अमेरिकेचा विरोध होता, तरी आमंत्रण मंजूर झाले.

सहावी पायरी: बोलणे आणि हरकतीचा मुद्दा

ज्या क्रमाने हात वर झाले त्या क्रमाने बोलायचे, एवढेच नियम २७ सांगतो. वेळेचे बंधन पुस्तिकेत कुठेच नाही. म्हणूनच जानेवारी १९५७ मध्ये भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन काश्मीरवर दोन दिवसांत मिळून सुमारे आठ तास बोलू शकले. टिपण ५०७ आता पाच मिनिटांत आटपा असे सुचवते. सुचवते, बजावत नाही. मॉडेल यूएनमध्ये घड्याळाचा जो काटेकोर दरारा असतो, तो इथे शोधू नका.

हरकतीचा मुद्दा आला की अध्यक्षांनी लगेच निर्णय द्यायचा. त्याला कोणी आव्हान दिले तर अध्यक्ष तो परिषदेपुढे ठेवतात आणि परिषदेने फिरवला नाही तर तो कायम राहतो (नियम ३०). म्हणजे मते गोळा करण्याचे ओझे आव्हान देणाऱ्यावर पडते. १ ऑगस्ट १९५० रोजी सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक बहिष्कार संपवून परतले. योगायोग असा की त्या महिन्याचे अध्यक्षपद त्यांचेच होते. चीनच्या राष्ट्रवादी सरकारचा प्रतिनिधी बसूच शकत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. परिषदेने मतदान करून तो उलटवला.

एखादा प्रश्न कार्यपद्धतीचा आहे की नाही, यावरच वाद झाला तर? १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेतल्या निवेदनात बड्या राष्ट्रांनी या प्राथमिक प्रश्नावरही नकाराधिकार राखून ठेवला होता. यालाच दुहेरी नकाराधिकार म्हणतात. पण सप्टेंबर १९५० मध्ये राष्ट्रवादी चीनने तो वापरू पाहिला, तेव्हा ब्रिटिश अध्यक्षांनी 'हा कार्यपद्धतीचाच प्रश्न' असा निर्णय दिला आणि तो टिकला. नियम ३० ची ताकद ही अशी.

सातवी पायरी: मसुद्यापासून मतापर्यंत

ठरावाचा मसुदा लेखी हवा (नियम ३१). सूचना मांडली की अनुमोदक लागत नाही (नियम ३४), मतदान सुरू होण्याआधी मांडणारा ती मागे घेऊ शकतो. मसुद्याच्या तुकड्यांवर वेगवेगळे मतदान मागता येते, पण मूळ मांडणाऱ्याने हरकत घेतली तर नाही. उपसूचना अनेक असतील तर मूळ मजकुरापासून सर्वांत दूर जाणारी आधी मताला येते.

प्रत्यक्षात बहुतेक मसुद्यांचे भवितव्य सभागृहात येण्याआधीच ठरलेले असते. प्रत्येक विषयाचा एक 'लेखणीधारक' असतो, सहसा ब्रिटन, फ्रान्स किंवा अमेरिका. तो मसुदा लिहितो आणि फिरवतो. ठराविक मुदतीत कोणी आक्षेप घेतला नाही तर संमती धरली जाते. तयार झालेला मजकूर 'निळ्यात' जातो, म्हणजे मतदानासाठी निळ्या अक्षरांत छापला जातो. त्यानंतर साधारण २४ तासांनी मतदान करण्याची प्रथा आहे. यातले काहीही ६१ नियमांत नाही.

मतदान हात वर करून होते. नऊ मते हवीत आणि स्थायी सदस्याचा विरोध नको. तटस्थ राहणे म्हणजे नकाराधिकार नव्हे. सनदेचे शब्द पाहिले तर वेगळा अर्थ निघू शकला असता, पण प्रथेने हे पक्के झाले आणि १९७१ मध्ये नामिबियावरील सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती प्रथा मान्य केली.

अध्यक्षीय निवेदनावर मतदान होत नाही, ते सर्वसंमतीने औपचारिक बैठकीत वाचले जाते किंवा स्वीकारले जाते. माध्यमांसाठीचे निवेदन त्याहून हलके.

तहकुबीचेही दोन अर्थ आहेत. बैठक थोडा वेळ थांबवली तर पुन्हा सुरू झाल्यावर तिचा क्रमांक तोच राहतो. संपवली तर पुढच्या वेळी नवा क्रमांक. नोंदी शोधताना हे माहीत नसेल तर अर्धी चर्चा हातून सुटते.

आठवी पायरी: नोंदी

शब्दशः वृत्तांत सहा भाषांत निघतो आणि त्याचे चिन्ह 'एस/पीव्ही' असून पुढे बैठकीचा क्रमांक असतो. ठरावांना 'एस/आरईएस', अध्यक्षीय निवेदनांना 'एस/पीआरएसटी'. बैठकीनंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत वृत्तांत प्रतिनिधींना मिळावा, असे नियम ४९ म्हणतो. रोजच्या बैठका आदल्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या जर्नलमध्ये जाहीर होतात, खुल्या बैठका यूएन वेब टीव्हीवर दिसतात.

सरावासाठी बैठक क्रमांक ८९८० चा वृत्तांत घ्या, २७ फेब्रुवारी २०२२ चा. तो फार मोठा नाही. पहिल्या पानावर अध्यक्षांचा देश पाहा, मग कार्यसूचीची मान्यता, मग नियम ३७ खालचे आमंत्रण. त्यानंतर ठराव २६२३ वरचे मतदान शोधा: युक्रेनवर आमसभेचे तातडीचे विशेष अधिवेशन बोलवावे, हा त्याचा विषय. बाजूने ११, विरोधात रशिया एकटा, तटस्थ तीन. दोनच दिवस आधी, ८९७९ व्या बैठकीत, रशियाच्या एका मताने ठराव पडला होता. या वेळी त्याच मताने तो अडला नाही. दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवा आणि अध्यक्षांनी निकाल जाहीर करताना वापरलेली दोन वाक्ये ताडून पाहा.